बाळ यायच्या आधीची खरेदी

माझं डोहाळजेवण झालं त्याच आठवड्यात फोनवर एक यादी आली. गरोदरपणाचं एक ॲप मी तिसऱ्या महिन्यात घेतलं होतं आणि त्यात प्रसूतीची अपेक्षित तारीख भरली होती. यादीचं शीर्षक होतं 'बाळ येण्याआधी घरात हव्यातच अशा वस्तू'. एकूण ६२. दूध कोमट करायचं यंत्र, बाटल्या निर्जंतुक करायचं यंत्र, ओले वाइप्स गरम ठेवायचा डबा, अंघोळीच्या पाण्याचा थर्मामीटर, डोकं गोल करणारी उशी, रांगताना गुडघ्यांना बांधायचे पॅड. आम्ही मुलुंडला ४५० चौरस फुटांच्या घरात राहतो. तरी त्यातल्या २१ वस्तू मी आणि नवऱ्याने दोन रात्रींत मागवल्या. एखादी राहून गेली आणि तिच्यावाचून बाळाचं काही अडलं तर, ही एकच धास्ती होती.

मुलगी आता दोन वर्षांची आहे. त्या २१ पैकी रोज हाताशी लागल्या त्या पाच: मच्छरदाणी, सुती लंगोट, डायपर, रबरी शीट आणि नखं कापायची छोटी कात्री. पाणी किती गरम आहे ते कोपर बुडवून कळतं. दूध कोमट करायचं झालं तर गरम पाण्याचं पातेलं पुरतं, आणि बाटल्या-वाट्या निर्जंतुक करायलाही तेच पातेलं गॅसवर चढवलं की झालं. गेल्या महिन्यात माझ्या मावसबहिणीने अगदी तशीच यादी पाठवून विचारलं, "ताई, यातलं काय काय घेऊ?" तिच्याशी फोनवर तासभर बोलले. ते सगळं इथे नीट मांडते, कारण तिच्यासारख्या मुली आज घरोघरी त्याच याद्या बघत बसल्या आहेत.

आपल्याकडे बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही आणायचं नाही, अशी चाल होती. बाळंतविडा यायचा तो बाळ झाल्यावर: झबली, टोपडी, कुंची, दुपटी, गोधडी. पहिल्या दिवसांसाठी जुन्या मऊ सुती साड्या फाडून लंगोट आणि दुपटी करायचे. ही चाल भीतीतून आली होती. तेव्हा पुष्कळ मुलं जगत नसत. ती भीती आज ओसरली आहे, हे फार चांगलं झालं. पण त्या चालीचा एक फायदा होता. खरेदीच्या वेळी बाळ समोर असायचं, आणि काय लागतं ते बाळाकडे बघून कळायचं.

बाजाराला याच्या बरोबर उलटे, म्हणजे बाळ यायच्या आधीचे, दिवस हवे असतात. पहिल्या खेपेच्या आईबापांकडे अनुभव काहीच नसतो आणि काळजी मात्र पोटभर असते. विकणाऱ्याने 'हे लागतंच' असं म्हटलं, तर ते खोटं ठरवायला अजून बाळच आलेलं नसतं. म्हणून जाहिरातीत 'आधीच', 'वेळेत', 'तयारी' हे शब्द सारखे येतात. मुंबईत राहणाऱ्याला तर या तयारीची गरज सगळ्यात कमी. कोपऱ्यावरचं मेडिकल रात्री उशिरापर्यंत उघडं असतं, दादरला रानडे रोडवर एका फेरीत झबल्या-दुपट्यांची सोय होते, आणि आता तर डायपरसुद्धा दहा-पंधरा मिनिटांत दारात येतात. लागेल तेव्हा आणता येतं. साठवून ठेवायला घरात जागा नाही, हेही आहेच.

दुकानं नव्या आईबापांमागे इतकी का लागतात, हे समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं. एरवी माणूस सवयी बदलत नाही. तोच साबण, तेच तेल, तोच वाणी. बाळ आलं की घरातल्या सगळ्या सवयी एकदम मोडतात, आणि त्या गडबडीत जो ब्रँड आत शिरतो तो पुढे वर्षानुवर्षं टिकतो. अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीने सुमारे २५ वस्तूंच्या खरेदीवरून कोणती गिऱ्हाईक बाई गरोदर असावी, याचा हिशेब बसवला होता. वास नसलेलं लोशन, कॅल्शियम-झिंकच्या गोळ्या वगैरे. २०१२ मध्ये ते वर्तमानपत्रात आलं तेव्हा लोक हादरले होते. आज एवढा हिशेब कुणाला करावा लागत नाही. तारीख आपणच भरून देतो.

मग वेष्टनावरचे शब्द. 'डर्मेटॉलॉजिकली टेस्टेड' म्हणजे कातडीवर चाचणी झाली आहे, एवढंच. किती जणांवर केली आणि निष्कर्ष काय निघाला, हे त्या शब्दांत नाही. 'केमिकल-फ्री' या शब्दाला तर अर्थच नाही, पाणीसुद्धा रसायनच आहे. 'डॉक्टरांनी सुचवलेलं' असं दिसलं तर थांबून विचार करावा, कारण भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांप्रमाणे डॉक्टरांना कुठल्याही कंपनीच्या औषधाची किंवा वस्तूची जाहीर शिफारस करायला मनाई आहे. इन्स्टाग्रामवरच्या आयांबद्दलही एक गोष्ट माहीत असू द्या. जाहिरात मानक परिषदेने २०२१ पासून आणि ग्राहक व्यवहार खात्याने २०२३ च्या जानेवारीपासून असं सांगितलं आहे, की पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन केलेली पोस्ट असेल तर तसं स्पष्ट दिसेल असं लिहायला हवं. रील बघताना ती ओळ आधी शोधायची सवय लावून घ्या. त्या आया वाईट असतात असं मला मुळीच म्हणायचं नाही. समोरची व्यक्ती सल्ला देते आहे की विकते आहे, एवढं आपल्याला कळलं पाहिजे.

आता सगळ्यात महाग वस्तूकडे येते. ही वस्तू यादीतही नसते.

आठव्या महिन्यात सोनोग्राफीसाठी बसलो होतो. एक मुलगी फाइल घेऊन शेजारी येऊन बसली, फार गोड बोलणारी. बाळाच्या नाळेतलं रक्त साठवून ठेवण्याबद्दल, म्हणजे स्टेम सेल बँकिंगबद्दल, तिने सांगायला सुरुवात केली. फाइलमध्ये ऐंशीच्या आसपास आजारांची नावं होती. रक्कम ७० हजारांच्या वर, पण हप्ते मिळणार होते. शेवटी ती म्हणाली, "मॅडम, ही संधी बाळाच्या आयुष्यात एकदाच येते. नंतर पश्चात्ताप नको." मी नवऱ्याकडे बघितलं. त्याचा हात खिशातल्या पाकिटाकडे गेलेला होता. त्याचं चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. 'बाळाला पुढे कॅन्सर झाला आणि तुम्ही पैसे वाचवले होते' असं चित्र डोळ्यांपुढे उभं केल्यावर कुठला बाप गप्प बसेल?

यात शास्त्र किती आणि विक्री किती, ते बघू. नाळेतल्या रक्तात रक्तपेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी असतात, हे खरं आहे. त्या वापरून रोपण करता येतं, हेही खरं. असं पहिलं रोपण १९८८ मध्ये पॅरिसला झालं. फॅन्कोनी ॲनिमिया या आनुवंशिक आजाराच्या एका मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतलं रक्त दिलं आणि तो वाचला. यातला 'बहिणीच्या' हा शब्द महत्त्वाचा आहे. आजार जनुकांत असेल तर तो बाळाच्या प्रत्येक पेशीत असतो, म्हणजे त्याच्याच नाळेतल्या पेशींतही. थॅलेसेमियाच्या मुलाला स्वतःचं साठवलेलं रक्त देणं म्हणजे तोच आजार परत देणं. लहान मुलांच्या ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्येही, पेशींतला बिघाड कित्येकदा जन्माच्या वेळीच सुरू झालेला असतो, त्यामुळे तिथेही स्वतःच्या पेशी सहसा वापरत नाहीत. फाइलमधल्या लांबलचक यादीतले बहुतेक आजार दुसऱ्या कुणाच्या तरी पेशींनी बरे होणारे असतात. शिवाय एका नाळेतून मिळणारं रक्त थोडंच. मोठ्या माणसाला अनेकदा तेवढ्या पेशी पुरत नाहीत. स्वतःची पेशी स्वतःला लागण्याची शक्यता किती, याचे अंदाज अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दिले आहेत: ४०० त एक ते २ लाखांत एक. अंदाज एवढा सैल आहे म्हणजे उपयोग किती विरळा असेल, ते समजून घ्या.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे सरळ लिहिलं आहे: भविष्यात स्वतःला लागेल म्हणून नाळेतलं रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेनेही २०१८ मध्ये अशा खासगी साठवणुकीच्या विरोधात मत दिलं. अपवाद एक आहे आणि तो लक्षात ठेवावा: घरात थोरलं मूल थॅलेसेमियासारख्या, या पेशींनी बरा होऊ शकणाऱ्या आजाराचं असेल आणि आई पुन्हा गरोदर असेल, तर येणाऱ्या भावंडाचं रक्त जपून ठेवणं शहाणपणाचं ठरतं. त्याच तत्त्वांप्रमाणे साठवायला परवानगी आहे ती फक्त नाळेतल्या रक्ताला. नाळेचा तुकडा, वार (प्लासेंटा), दुधाचे दात असलं काही साठवून देऊ म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

माझी आत्या पालिकेच्या रुग्णालयात सिस्टर होती, प्रसूती वॉर्डातच तिची सगळी नोकरी झाली. तिला फोन लावला तर तिने पैशांचा विषयच काढला नाही. "अगं, नाळ जरा उशिरा कापायला सांग डॉक्टरांना. ते रक्त लेकराचंच आहे, त्याला जाऊ दे." आत्या म्हणाली ते जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. आई आणि बाळ ठीक असतील तर नाळ लगेच न कापता किमान एक मिनिट थांबावं. तेवढ्या वेळात वारेतलं रक्त बाळात उतरतं, आणि त्यातलं लोह पुढचे काही महिने पुरतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या ६७ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी निघालं. अशा देशात जन्मणाऱ्या बाळाला ते रक्त आजच्या आज उपयोगी आहे. जेवढं जास्त बाळात उतरेल तेवढं पिशवीत कमी उतरतं, म्हणून या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात. हे त्या फाइलमध्ये कुठेच नव्हतं.

'एकदाच मिळणारी संधी' असं म्हणून घाई केली जाते, तसाच दुसरा नाजूक काळ म्हणजे प्रसूतीनंतरचे पहिले तीन दिवस. आई थकलेली, बाळ रडतंय, भेटायला आलेल्या चार बायका 'दूध पुरत नाही वाटतं' असं म्हणून जातात. माझी दुसरी रात्र अशीच गेली. प्रत्यक्षात पहिल्या दिवसांत येतं ते चिकाचं दूध, घट्ट, पिवळसर आणि थोडंसंच. बाळाच्या पोटालाही तेव्हा एका वेळी काही चमचेच लागतात. बाळ जितकं ओढेल तितकं दूध वाढतं. मध्येच डब्यातली पावडर दिली तर बाळ कमी ओढतं, दूध कमी होतं, आणि 'पुरत नाही' हे खरं ठरतं. पहिल्या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. उतार १० टक्क्यांच्या वर गेला तर डॉक्टरांनी बघायलाच हवं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला सहा-सात लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय असं समजावं.

या तीन दिवसांचा फायदा कंपन्या घेतात हे जगाने ओळखलं, म्हणून १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बाळदुधाच्या विक्रीसाठी संहिता आणली, आणि १९९२ मध्ये आपल्याकडे त्याचा कायदा झाला. २००३ मध्ये तो आणखी कडक केला. दोन वर्षांखालच्या बाळांची दूध पावडर, बाळांचं डबाबंद अन्न आणि दुधाच्या बाटल्या यांची कुठलीही जाहिरात करायला आपल्या देशात बंदी आहे. फुकट नमुने, कूपन, भेटी, आरोग्य कर्मचाऱ्यांना देणग्या, सगळ्याला बंदी. डब्यावर आईचं किंवा बाळाचं चित्रसुद्धा छापता येत नाही. त्यामुळे रुग्णालयातून घरी जाताना भेटीच्या पिशवीत पावडरचं पाकीट निघालं, तर ते बेकायदा आहे हे ओळखा.

ज्या आईला दूध येत नाही, जिला औषधांमुळे पाजता येत नाही, किंवा कामावर जावंच लागतं, तिच्यासाठी पावडर हा आधार आहे आणि त्यात तिने तसूभरही ओशाळण्याचं कारण नाही. डॉक्टरांशी बोलून, उकळलेल्या पाण्यात, डब्यावरच्या मापाने, वाटी-चमच्याने द्यावी. महाग आहे म्हणून पातळ करून देणं मात्र घातक. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी दुसऱ्या आयांनी दिलेलं दूधही मिळू शकतं. आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी आपल्याच शीव रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केली. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू करताना घरचं खिमट आणि नाचणीची पेज आहेच. डबा घेणार असाल तर मागची बारीक अक्षरं वाचा: २०२४ च्या एप्रिलमध्ये पब्लिक आय या स्विस संस्थेने दाखवलं, की भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये एका वेळच्या खाण्यात सरासरी जवळपास ३ ग्रॅम वरून घातलेली साखर होती, आणि युरोपातल्या काही देशांत तीच कंपनी असं अन्न बिनसाखरेचं विकत होती. साखर बरीच कमी केली आहे आणि आणखी करतो आहोत, असं कंपनीने त्यावर सांगितलं.

निजण्याच्या वस्तूंबद्दल थोडक्यात, पण आग्रहाने सांगते. दुकानात दिसणारा तो गोंडस संच, मऊ गादी, उशी आणि दोन्ही बाजूंना लोड, आम्हीही घेतला होता. मऊ वस्तूत बाळाचं तोंड रुतलं तर त्याला मान फिरवता येत नाही. अमेरिकेत पाळण्याच्या कडेला लावायच्या गाद्यांवर २०२२ मध्ये कायद्याने बंदी आली, आणि त्याच वर्षी तिथल्या औषध प्रशासनाने डोक्याला आकार देणाऱ्या उशा वापरू नका असं सांगितलं. आपली मोहरीची उशी त्याच कामासाठी विकतात. बाळाला उताणं, सपाट आणि घट्ट गादीवर, उशीशिवाय निजवा. डोक्याचा चपटेपणा बहुतेक वेळा बाळ मान धरून बसायला लागलं की आपोआप कमी होतो. जागेपणी, आपल्या देखरेखीखाली, थोडा वेळ पालथं ठेवलं की मदत होते.

आणि वॉकर. चाळीच्या गॅलरीत किंवा फ्लॅटच्या हॉलमध्ये चाकांच्या त्या गोलात बसवलेलं मूल मी आजही बघते आणि पोटात गोळा येतो. त्यात मूल चवड्यांवर ढकलत जातं, त्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत, तोल सावरावा लागत नाही; त्यामुळे चालणं लवकर येण्याऐवजी लांबतं. वेग एवढा, की एका सेकंदात मीटरभर अंतर जातं. जिना, उंबरठा, गॅसच्या ओट्यावरून लोंबणारी वायर, सगळं हाताच्या टप्प्यात. कॅनडाने २००४ मध्ये वॉकर विकायलाच बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा कितीतरी चांगला. मूल त्याच्या मागे स्वतःच्या पायांवर उभं राहतं आणि स्वतःच्या बेताने ढकलतं.

म्हणून जुनं सगळंच बरं, असंही समजू नका. एक वर्षाच्या आत बाळाला मध चाटवू नये, त्यातल्या जंतूंनी बॉट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. काजळात शिसं असू शकतं. शेक-शेगडीच्या नावाने बंद खोलीत धूर करणं बाळाच्या फुप्फुसांना वाईट. आणि आता याच गोष्टी 'आजीच्या बटव्यातलं' असं नाव देऊन सुंदर बाटल्यांत भरून विकल्या जातात. वैद्यकीय सल्ल्याने खरंच लागतं ते स्वस्त आहे: ड जीवनसत्त्वाचे रोजचे थेंब, आणि लसी, ज्या पालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळतात.

हे सगळं ऐकून माझी मावसबहीण म्हणाली, "म्हणजे आधी काहीच घ्यायचं नाही का?" ती कांदिवलीला राहते, नवऱ्याने गेल्या वर्षी गाडी घेतली आहे, आणि बाळाला त्याच गाडीतून हायवेवरून घरी आणणार आहेत. मी म्हटलं, एक वस्तू आधी घे, आणि ती तुझ्या यादीत नाही. बाळाची कार सीट. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून १४ वर्षांखालच्या मुलाला सीट बेल्ट किंवा मुलांच्या सीटशिवाय गाडीतून नेलं तर १,००० रुपये दंड आहे. पण मांडीवर घेतलेलं बाळ धक्क्यात हातांत राहत नाही, हे दंडापेक्षा मोठं कारण. सीटवर ईसीई आर४४ किंवा आर१२९ ही सुरक्षा-मानकाची खूण बघून घे. ती मागच्या सीटवर, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येईल अशी बसवायची. एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर कधीच ठेवायची नाही. पट्टा खांद्यापाशी चिमटीत धरता येणार नाही इतका घट्ट हवा. नवव्या महिन्यातच एखाद्या रविवारी दोघांनी मिळून ती बसवून बघा, आत टॉवेलची गुंडाळी ठेवून पट्टे लावून बघा, कारण डिस्चार्जच्या दिवशी खाली पार्किंगमध्ये ते शिकायला वेळ मिळत नाही.